धुऱ्यापाशी संपलेले रस्ते

मी स्वतः आखलेल्या वसाहतीत मीच वाट चुकलो, ती हकीकत आधी सांगतो. माझ्या बाकीच्या म्हणण्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे वाचकांनी त्यानंतर ठरवावे.

गेल्या हिवाळ्यात पांढुर्ण्याला एका जुन्या परिचितांच्या मुलीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होते. मी राहतो सौंसरला. सकाळी मोटारसायकलने निघालो, जामसांवलीच्या फाट्यावर थांबून मारुतीला लांबूनच हात जोडले आणि वेळेआधी पांढुर्ण्यात पोहोचलो. पत्ता विचारण्याचे कारण नव्हते. कार्यक्रम ज्या वसाहतीत होता ती आणि तिला लागून असलेली दुसरी, दोन्हींचे नकाशे माझ्याच टेबलावर तयार झालेले. नागपूर रोडवर आधी ही शेजारची लागते; तिच्यातून पलीकडे जाता येईल असे धरून मी वळलो, सरळ शेवटपर्यंत गेलो आणि थांबलो, कारण रस्ताच थांबला. समोर एक घर होते. त्या घरामागे मांडवाचे लाल-पिवळे कापड दिसत होते, लाउडस्पीकर वाजत होता, वांग्याच्या भाजीचा वाससुद्धा येत होता. मागे फिरून पुढच्या गल्लीत शिरलो. तिथेही शेवटी घरच. तिसऱ्या गल्लीत भिंतीसमोर उभा असताना लाउडस्पीकरवरून माझेच नाव पुकारले गेले. सौंसरचे नक्शेवाले भाऊ आले असतील तर त्यांनी स्टेजजवळ यावे, अशी विनंती होती.

गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईंना माझी दया आली.

"कुठं जाऊन राहिले काका?"

"पलीकडे. साक्षगंधाला."

"मंग गाडी पहिल्या गल्लीत लावा अन् काकूच्या घरातून जा."

"कोणाच्या घरातून?"

"रस्ता संपते ना, तेच घर. सारेच जाते तिकून. गाडीनंच जाचं असन त हायवेवर जा, पेट्रोलपंपापासून फिरा, नाल्याच्या पुलावरून या. पण तवरिक जेवणं आटपून जाईन."

पहिल्या गल्लीच्या टोकाचे फाटक उघडे होते. आत लहानसे अंगण, तुळस, दोरीवर वाळणाऱ्या साड्या. खुर्चीवर बसून मेथी निवडणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मान वर न करताच सांगितले, "जा, मागचं दार उघडं हाय. तुळशीले धक्का नका लावू." मग त्यांनी पाहिले आणि मेथीची जुडी मांडीवरच राहिली.

"अगबाई! नक्शेवाले भाऊ! तुम्हीच केला नक्शा, अन् तुम्हालेच रस्ता सापडून नाई राहिला?"

या कुंदाबाई. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. तेवढ्यात त्याच अंगणातून एक दूधवाला कॅन घेऊन गेला आणि दोन बायका आहेराच्या पिशव्या सांभाळत गेल्या. कोणीही परवानगी मागितली नाही.

"बरं झालं तुम्ही आले," कुंदाबाई म्हणाल्या. "जेवून घ्या अन् जाताना इकूनच या. माह्या घराचा नक्शा काढाचा हाय. माहा पोरगा नितीन म्हणते, जुनं पाडू, नवं बांधू अन् मागचं दार कायमचं बंद करून टाकू."

त्या दिवशी जेवणाची चव मला नीटशी लागली नाही.

आता माझ्या व्यवसायाविषयी थोडे सांगायला हवे. मी इंजिनियर नाही, पटवारी नाही, सरकारी नोकरही नाही. मी नकाशे काढतो. शेतकरी शेत विकायला काढतो किंवा स्वतःच त्याचे प्लॉट पाडतो, तेव्हा त्या जमिनीवर रस्ते कुठे, प्लॉट कुठे, नाली कुठे, बगीच्याची जागा कोणती, हे कागदावर मांडून द्यायचे. याला आमच्याकडे लेआउट म्हणतात. आधी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काढत असू, आता संगणकावर काढतो. मंजुरी देणारे वेगळे, बांधणारे वेगळे, राहणारे तर फारच वेगळे. आमचा हात पहिल्या रेघेपुरता.

या कामात एक रीत आहे. ती मी माझ्या गुरूंकडून शिकलो आणि तीच माझ्या हाताखालच्यांना शिकवली. नकाशात फक्त आपल्या गिऱ्हाइकाची जमीन काढायची. तिच्या बाहेर काही काढायचे नाही. चारही बाजूंना केवळ शेजाऱ्याचे नाव लिहायचे: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस तमक्याचे. बाकी कागद कोरा. स्वच्छ नकाशाची ती खूण समजली जाई, आणि माझे नकाशे स्वच्छ असत, असे लोक म्हणत. मला त्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे, हे कबूल केलेले बरे.

गाव त्या कोऱ्या जागेतच वाढत गेले. जुन्या पांढुर्ण्यात किंवा सौंसरच्या बाजारपेठेत गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून बैलगाडी आली तर ओट्यावर चढावे लागते. पण एका गल्लीत लग्नाचा मांडव पडला तर दुसरीतून जाता येते, तिथे नाली खोदलेली असली तर तिसरीतून. या नव्या वसाहतींत रस्ते रुंद आहेत, सरळ आहेत आणि त्यांतून बाहेर पडायला वाट एकच आहे. शेजारच्या वसाहतीत साखर मागायला जायचे तरी आधी हायवेवर यायचे. शेजारी पाठीला पाठ लावून राहतात आणि ट्रकांच्या रांगेतून एकमेकांकडे जातात. जिल्हा झाल्यापासून पांढुर्णा चहूकडे पसरते आहे, आणि प्रत्येक नवे शेत त्याच रीतीने गावाला जोडले जाते: हायवेला दोरीने बांधल्यासारखे, एकमेकांपासून सुटे. हे कोणी ठरवून केले का? मला तसे वाटत नाही. ठरवणारा कोणी नव्हता म्हणून झाले का? तसेही म्हणवत नाही, कारण प्रत्येक रेघ कोणीतरी विचार करून मारलेली आहे. त्यांतल्या पुष्कळ मी मारलेल्या आहेत.

गिऱ्हाइकांची मागणीही तशीच असे. रामाकोन्याचे एक सद्गृहस्थ होते. त्यांना नागपूरला पाहून आलेली वसाहत हवी होती: भोवती भिंत, एकच गेट, गेटवर चौकीदार. मी तसे काढून दिले. प्लॉट विकले गेले. वसाहतीच्या मागे त्यांचे स्वतःचे उरलेले वावर, म्हणजे शेत, होते, आणि तिकडे जायची वाट आता त्या गेटातूनच होती. पहिल्याच हंगामात नव्या चौकीदाराने त्यांचा ट्रॅक्टर अडवला आणि विचारले, "कोणाकडे जायचंय?" ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी त्यांना त्यांच्याच सहीचा नकाशा दाखवला. 

कुंदाबाईंच्या घराची गोष्ट मात्र दोन भावांपासून सुरू होते. शेषराव थोरले, देवराव धाकटे. वडिलांचा संत्र्याचा मोठा बगीचा होता, त्याची वाटणी झाली. मधोमध धुरा पडला. धुरा म्हणजे दोन वावरांमधला मातीचा बांध. त्या धुऱ्याला लागून गाडीवाट होती, जिला आम्ही पांधन म्हणतो. ही पांधन कोणत्याही कागदावर नव्हती. दोन्ही भावांच्या बैलगाड्या तिथून जात होत्या, म्हणून ती होती.

शेषरावांनी आधी प्लॉट पाडायचे ठरवले. मी मोजणीला गेलो तेव्हा झाडांवर आंब्या बहाराची संत्री लगडली होती आणि ती उतरल्याशिवाय एकही झाड तोडायचे नाही, असे त्यांनी बजावले होते. भरलेल्या बगीच्यात या टोकाहून त्या टोकाला नजर जात नाही. टेप धरायला, चुन्याची रेघ टाकायला जागा एकच: झाडांच्या दोन ओळींमधला मोकळा पट्टा. म्हणून मी रस्ते तिथेच आखले. काम सोपे झाले आणि सरळही झाले. पुढे झाडे गेली, पण ओळी राहिल्या. आज त्या वसाहतीत उभे राहून पाहिले तर मला अजून बगीचा दिसतो. जिथून फवारणीचा पंप घेतलेली माणसे जात, तिथून आता ऑटो जातात.

रस्ते मी सवयीने धुऱ्यापर्यंत नेऊन उघडे सोडले होते. नकाशा पाहून शेषराव खुर्चीतून उठले.

"हे तोंड उघडं काहून ठेवलं?"

"पुढे देवरावांनी लेआउट केला तर जोडता येईल."

"म्हणजे माह्या पैशाचा रस्ता, अन् त्याचे प्लॉट फुकटात रोड-टच?"

"आज ना उद्या..."

"उद्याचं उद्या पाहू. तुम्ही माह्ये नक्शेवाले की त्याचे?"

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत बोलणे बंद होते, हे सगळ्यांना माहीत होते. मी प्रत्येक रस्त्याच्या तोंडावर एकेक प्लॉट काढला. तसे करण्यात बेकायदा काही नव्हते आणि शेषरावांचे म्हणणे हिशेबाला धरूनही होते. चार प्लॉट जास्त निघाले.

मग देवरावांची पाळी आली. मधल्या काळात त्यांच्या धुऱ्याकडच्या अर्ध्या बगीच्यात डिंक्या रोग शिरला होता. जुनी झाडे वाळली, त्यांनी नवी लावली, आणि लावताना ओळी धुऱ्याला आडव्या न ठेवता धुऱ्याबरोबर धावणाऱ्या केल्या, कारण पाण्याचा उतार तसा होता. मी पुन्हा ओळींमधूनच चुना टाकला. त्यामुळे देवरावांचे रस्ते धुऱ्याकडे आलेच नाहीत. ते धुऱ्याला समांतर गेले. त्यांतला एक अगदी शेषरावांच्या शेवटच्या घरांच्या पाठीमागून जातो. पांधन अर्धी शेषरावांच्या प्लॉटांत आणि अर्धी या रस्त्यात गेली. दोन्ही नकाशांत तिचे नाव नाही. पहिल्या नकाशात मी लिहिले होते, 'पश्चिमेस देवराव यांचे शेत'. दुसऱ्यात लिहिले, 'पूर्वेस शेषराव यांचे शेत'. दुसरे वाक्य लिहिले तेव्हा तिथे शेत राहिलेले नव्हते, लोक राहायला आलेले होते. रीत म्हणून तसे लिहिले.

रस्त्याच्या तोंडावरचे ते चार प्लॉट काही केल्या खपेनात. रस्ता सरळ घरावर येतो तो वेध, असे आपल्याकडे मानतात. घरात आजारपण येते, कर्ता माणूस टिकत नाही, असे लोक सांगतात. शेवटी पहिल्या गल्लीच्या टोकाचा प्लॉट कुंदाबाईंनी घेतला. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते, नितीन लहान होता. मी त्यांना दबक्या आवाजात वेधाविषयी सांगितले, कारण प्लॉट दाखवायला शेषरावांनी मलाच बोलावले होते आणि न सांगता दाखवणे मला बरे वाटेना.

त्या म्हणाल्या, "भाऊ, ज्याच्यासाठी भ्याचं, ते होऊन गेलं. आता रस्ता आला त येऊ द्या."

त्यांची शाळा देवरावांच्या बाजूला होती. रोज हायवेने फिरून जायचे जिवावर येई, म्हणून त्यांनी मागच्या भिंतीला एक लहान दार पाडले, स्वतःपुरते. मग त्यांच्याबरोबर गल्लीतली मुले शाळेला जाऊ लागली. मुलांना सोडायला आया. आयांना भेटायला पलीकडच्या बायका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर म्हणे रांग लागते. बाई निवृत्त झाल्या, दार तसेच राहिले. मला हे सारे साक्षगंधाच्या दिवशी कळले. एवढ्या वर्षांत मी तिकडे फिरकलो नव्हतो.

काही दिवसांनी नितीन नागपूरहून आला तेव्हा मी टेप घेऊन गेलो. तो कंपनीत नोकरी करतो, शांत स्वभावाचा आहे आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. दोन महिन्यांपूर्वी एका मोटारसायकलवाल्याने अंगणातून गाडी काढताना बाईंना पाडले होते. मनगट मोडले होते. प्लास्टर निघाले तरी हात पूर्ण वळत नव्हता.

"काका, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "आई एकटी राहते. दिवसभर कोणीही येते, कोणीही जाते. हे घर हाय का बसस्टँड?"

"पोरं शाळेले कुठून जाईन?" कुंदाबाई आतून म्हणाल्या.

"ज्याची पोरं त्यानं पाहावं. सारा गाव तुह्याच अंगणातून काहून जाते?"

"कारण बाकीच्यायनं भिंती बांधल्या."

"मंग आपणही बांधू ना."

"अन् मंग ते लेकरं हायवेनं जाईन, ट्रकायच्या बाजूनं. मी खिडकीत बसून पाहू?"

"तू पडली तवा कोण आलं होतं पाह्याले?"

"सारेच आले होते. तुले नागपूरहून याले टाइम लागला."

बाईंना आपण जास्त बोललो असे वाटले असावे, कारण त्यांनी लगेच विचारले, "पोहे खातं का रे?" मी टेपचे टोक भिंतीला धरून उभा होतो. मला दोघांचेही पटत होते, आणि माझ्या व्यवसायात हे सोयीचे नसते.

मला वाटले, यातून कायद्याची वाट काढू. नगरपालिकेतल्या एका ओळखीच्या उपयंत्र्यांना, म्हणजे ज्युनियर इंजिनियरना, जाऊन विचारले की, हा रस्ता सार्वजनिक म्हणून नोंदवता येईल का. ते भले गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितले. नोंदवता येईल, पण मग तो नियमाच्या रुंदीचा हवा. आगीचा बंब गेला पाहिजे.

"आणि घर?" मी विचारले.

"घर कसं राहील? अर्धं तरी जाईलच. भरपाई मिळेल."

"आणि नोंदवला नाही तर?"

"तर तो रस्ता नाहीच. खाजगी अंगण आहे. बाई आज आहेत, उद्या मुलगा बंद करेल, आपण काही म्हणू शकत नाही."

मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि गाडी कुठे लावली होती ते आठवेना. जन्मभर मी अशी समजूत बाळगली होती की, कागदावर आलेली गोष्ट टिकते. इथे वाट कागदावर आणली तर बाईंचे घर जात होते आणि न आणली तर वाट जात होती. दोन्ही वसाहती माझ्याच हातच्या. पण आता मला कोणती बाजू दुरुस्त करायची होती, हेच उमजत नव्हते. शेषरावांना त्या दिवशी ठामपणे नाही म्हटले असते, तर त्यांनी दुसरा नकाशावाला गाठला असता. ते खरे आहे. पण हे खरे असल्यामुळे मला बरे वाटत नाही, हेही खरे आहे.

सौंसरला परत येऊन मी दोन आराखडे केले. एकात नव्या घराने पूर्ण प्लॉट व्यापला होता. दुसऱ्यात एका कडेने चिंचोळी मोकळी पट्टी सोडली होती, समोरच्या फाटकापासून मागच्या दारापर्यंत सरळ. घडी करताना कोणता वर ठेवायचा हे ठरवता येईना. पिशवीत टाकताना वरचा खाली केला, पुन्हा खालचा वर केला.

कुंदाबाईंनी दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर पसरले, चष्मा लावला आणि दुसऱ्यावर बोट ठेवले.

"हे बरोबर हाय. पण सरळ काहून केलं?"

"रस्ता सरळच असतो, बाई."

"तोच सरळ पाहून त घुसला ना मोटारसायकलवाला. मधात एक वाकण द्या. असं." त्यांनी बरा हात कोपरात वाकवून दाखवला. "माणूस वळते. सायकल उचलून वळवता येते. फटफटी नाई वळत."

नितीन हसला. "काकांनी साऱ्या गावाले सरळ रस्ते देल्ले, अन् तू त्यायले वाकडा शिकवून राहिली."

मी तिथेच पेन्सिल काढली. एवढ्या वर्षांत मी वाकण घालवायला शिकलो होतो. ते मुद्दाम घालण्याची ही पहिली वेळ. खोडून पुन्हा काढले. त्यासाठी नितीनची एक खोली लहान झाली. तो म्हणाला, "ठीक. पण मागच्या फाटकाले कुलूप लागन. आईले विचारल्याशिवाय कोणी जाणार नाई. एवढं माह्यं ऐका."

"लाव," कुंदाबाई म्हणाल्या. "कुलूप लाव."

त्यांनी इतक्या सहज मान्य केले की मला वाईट वाटले. जाताना मी त्या जुन्या दारातून एकदा पलीकडे जाऊन आलो. आता पुन्हा असे जाता येणार नाही, असे समजून.

घर या पावसाळ्यानंतर पूर्ण झाले. पितृपक्ष संपल्यावर एका दुपारी मी पाहायला गेलो. मोटारसायकल शेषरावांच्या पहिल्या गल्लीत लावली. कडेच्या पट्टीतून आत गेलो, वाकण घेतले आणि समोर नितीनने लावलेले लोखंडी फाटक आले. दोन्ही बाजूंनी हात घालता येईल असे गज, मध्ये साखळी आणि भलेमोठे कुलूप. शेजारी भिंतीवर एक खिळा होता. खिळ्याला साडीच्या काठाची चिंधी बांधलेली चाबी लटकत होती.

मी कुलूप काढले, पलीकडे गेलो, गजांतून हात घालून पुन्हा लावले आणि चाबी हातात घेऊन देवरावांच्या बाजूला उभा राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आले की, खिळा तर आत राहिला. हात तिथवर पोहोचत नव्हता. इकडे तिकडे पाहिले, तर या बाजूच्या भिंतीवरही तसाच एक खिळा होता. रिकामा.

स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला उघडते. मी हाक मारली.

"बाई, चाबी कुठे ठेवायची?"

"आले का भाऊ?" खिडकीत कुंदाबाईंचा चेहरा आला. "जिकडं उतरले तिकडच्या खिळ्याले."

"मग इकडे यायचे असेल त्या माणसाने काय करायचे?"

"थांबाचं थोडंसं. तिकून कोणी ना कोणी येतेच. नाईच आलं त मले आवाज देते."

"आणि नितीन?"

"त्यानं कुलूप लावाले सांगतलं. चाबीचं काही सांगतलं नाई."

मला ही व्यवस्था नीट समजेना. चाबी कोणत्या बाजूला असेल हे आधी कळण्याचा काही उपाय नव्हता. अशा रचनेचा नकाशा कोणी माझ्याकडे आणला असता तर मी तो परत पाठवला असता. तरीही सावधपणे वागावे म्हणून मी पुन्हा कुलूप उघडले, आत आलो, लावले आणि चाबी मूळच्या खिळ्याला अडकवली. जिथून घेतली तिथे ठेवणे, एवढे तरी चुकणार नाही, असा विचार केला. मोटारसायकलपर्यंत पोहोचलो असेन, तेवढ्यात समोरच्या दारातून हाक आली.

"भाऊ, चाबी कोण्या खिळ्याले ठेवली?"

"इकडच्याच. जिथे होती तिथे."

"अहो, शाळा सुटाची वेळ झाली! आता तिकूनच येईन सारे. सकाळी चाबी इकडं पाह्यजे, या वेळेले तिकडं. तिकडं ठेवून या बरं."

मी परत गेलो, कुलूप उघडले, पलीकडे गेलो, लावले आणि चाबी देवरावांच्या बाजूच्या खिळ्याला अडकवली. ती नीट अडकली आहे ना, हे दोनदा पाहिले. मग गाडीकडे जायला वळलो. गाडी फाटकापलीकडे होती, आणि मी आत गेलो तर चाबीही माझ्याबरोबर आत जाणार होती.

खिडकीतून हसण्याचा आवाज आला. "आता अडकले ना तिकडंच? थांबा, चहा करते. गजातून देते."

गजांतून आलेला कप घेऊन मी देवरावांच्या रस्त्यावर, एके काळच्या पांधनीवर, शाळेच्या घंटेची वाट पाहत उभा राहिलो. पोरे आली की त्यांच्यामागून मलाही जाता येईल, असे कुंदाबाई म्हणाल्या होत्या.